केसाएवढी रेघ

म्हातारा शस्त्रागाराच्या दाराशी येऊन उभा राहिला तेव्हा मी रायफलींचे बोल्ट रॉकेलच्या ट्रेमधून काढून पुसत होतो. पहारेकऱ्यानं त्याला गजाच्या दारापलीकडेच अडवलं होतं.

“सुरवसे हवालदार, हे उद्धव पांचाळचे वडील,” पहारेकरी म्हणाला. “तीनदा सांगितलं, आत सोडता येत नाही. ऐकतच नाहीत.”

“मला कुठं आत यायचंय?” म्हातारा म्हणाला. “म्या हितंच बसतो. ते तुटलेलं लोखंड एकदा बघू द्या. मग जातो.”

“ते चौकशीत आहे, मामा,” मी म्हणालो. “दाखवता येत नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसला. डोक्याचा पटका काढून त्यानं मांडीवर ठेवला. हात लोहाराचे होते. मनगटापर्यंत ठिणग्यांचे बारीक बारीक डाग होते.

ही १९८६ सालची गोष्ट. मी जिल्हा पोलीस मुख्यालयात आर्मोरर होतो, म्हणजे शस्त्रांची निगा आणि दुरुस्ती बघणारा हवालदार. जिल्ह्याचं नाव सांगत नाही. आमच्याकडं एकशे बारा थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, बहुतेक माझ्या जन्माच्या आधीच्या. लाकूड बदललेलं, नळ्या बदललेल्या, पण बोल्ट तेच. बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागच्या तोंडाची कडीच म्हणा. गोळी सुटली की मागं येणारा सगळा दणका त्या बोल्टच्या एका कानावर येतो. कान म्हणजे नखाएवढा लोखंडाचा उंचवटा. चाळीस-पन्नास वर्षं हजारो दणके खाल्ल्यावर लोखंडही थकतं. वरून दिसत नाही, आतून भेगाळत जातं.

आठ दिवसांपूर्वी चांदमारीवर रंगरुटांचा गोळीबाराचा सराव चालू असताना एक्केचाळीस नंबरच्या रायफलीच्या बोल्टचा कान तुटला. रायफल उद्धव पांचाळच्या हातात होती. वय एकवीस, भरती होऊन सात महिने झालेले. त्याचा उजवा डोळा गेला.

चौकशी दोन दिवसांत उरकली. रंगरुटानं गोळीबाराआधी नळी नीट पुसली नाही, दोरीला बांधून नळीतून ओढतात त्या पुसायच्या कापडाची चिंधी आत राहिली, तिच्यामुळं दाब वाढून बोल्ट तुटला, असा निष्कर्ष निघाला. आर्मोरर म्हणून तांत्रिक अभिप्राय मी लिहिला होता. आमचे राखीव निरीक्षक भोगले साहेब यांनी तो वाचून मान डोलावली आणि म्हणाले, “आता सगळे बोल्ट तपासून घे. वरून विचारलं तर तयार पाहिजे.”

म्हणून मी तपासत होतो. पद्धत जुनीच. बोल्ट रात्रभर रॉकेलमध्ये ठेवायचे, सकाळी कोरडे करायचे आणि वर खडूची पूड भुरभुरायची. भेग असली तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते.

पहिल्या दिवशी तीसपैकी तीन बोल्टवर रेघ उमटली. तिन्ही ठिकाणी कानाच्या बुडाशी. मी ते बाजूला ठेवले. मान वर केली तर म्हातारा गजांमधून बघत होता.

“भेग हाय न्हवं त्याला?” त्यानं विचारलं.

“आहे.”

“झ्याक युक्ती हाय,” तो म्हणाला. “आमी ठोकून बघतो.”

संध्याकाळी शस्त्रागार बंद करताना तो उठला, पटका बांधला आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागला.

दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधीच तो पायरीवर होता. दुपारपर्यंत माझं काम बघत राहिला. मी डबा उघडला तेव्हा त्यानंही फडक्यातली भाकरी काढली. मी गजांमधून त्याला लोणच्याची फोड दिली, त्यानं मला ठेचा दिला.

“गाव कोणतं, मामा?”

“केळंब. घाटाखाली हाय. भाता हाय माझा. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ. उद्धवला म्हणलं, तू हे करू नको. सरकारी नोकरी धर. धूर खाऊन माझी छाती काळी झाली, तुझी नको.” भाकरीचा उरलेला तुकडा त्यानं फडक्यात बांधला. मग म्हणाला, “एक बोल्ट द्या बरं इकडं. पळून जात न्हाई.”

द्यायला नको होता. पण मी दिला. त्यानं पटक्याचा एक धागा ओढून काढला, बोल्टला बांधून तो लोंबता धरला आणि माझ्याकडून छोटी हातोडी मागून घेतली. हळूच टिचकी मारल्यासारखं ठोकलं. बोल्ट वाजला. आवाज बराच वेळ टिकला.

“हा निकोप,” म्हातारा म्हणाला. “दुसरा आणा.”

मग आम्ही तसंच करत राहिलो. मी आतून बोल्ट द्यायचा, तो धाग्याला बांधून ठोकायचा, कान देऊन ऐकायचा आणि परत द्यायचा. पहारेकऱ्यानं एक-दोनदा माझ्याकडं पाहिलं, पण तोही स्टूल ओढून ऐकायला बसला. विसाव्या की एकविसाव्या बोल्टला म्हातारा थांबला. पुन्हा ठोकलं.

“हा बद्द वाजतोय.”

“त्यावर रेघ नाही आली,” मी म्हणालो. “सकाळीच खडू लावला होता.”

“पुन्यांदा लावा.”

मी तो बोल्ट पुन्हा रॉकेलात टाकला, चार वाजता काढला, पुसला, खडू भुरभुरला. दोघंही बघत होतो. बऱ्याच वेळानं कानाच्या बुडाशी एक रेघ ओली झाली. केसाएवढी. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी हललं असेल. शाळेत उत्तर बरोबर आल्यावर पोर दिसतं, तसा तो क्षणभर दिसला.

“दर साली असंच बघता का?” त्यानं विचारलं.

“दरवर्षी,” मी म्हणालो.

“असंच? राकेल घालून?”

“होय.”

त्यानं मान हलवली आणि पुढचा बोल्ट मागितला.

त्या संध्याकाळी मी भोगले साहेबांकडं गेलो. “साहेब, सत्तर झाले. सात बाद आहेत,” मी म्हणालो. “सगळ्यांना एकाच जागी भेग आहे.”

त्यांनी फायलीतून मान वर केली नाही. “ती यादी वेगळ्या कागदावर कर. तारीख पुढच्या महिन्याची टाक. पांचाळच्या प्रकरणाला जोडू नको.”

“साहेब, पण...”

“सुरवसे, अभिप्राय तुझ्या सहीचा आहे,” ते म्हणाले. “माझ्या नाही.”

तिसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत आमचे सगळे बोल्ट ठोकून झाले. एकूण दहा बाद निघाले. म्हातारा हातोडी गजांमधून परत देत म्हणाला, “हवालदार साहेब, आता तरी दाखवा. आज लेकराला घरी न्यायचं का न्हाई ते डाक्टर सांगणार हाय. मग माझं येणं हुयाचं न्हाई.”

नाही म्हणायला कारण सापडेना. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, दाखवलं तरी त्याला काय कळणार? मी कपाटातून पाकीट काढलं, त्यातला तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

त्यानं तो आधी उन्हात धरला. मग जिथं तुटला होता त्या बाजूवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग नाकाजवळ नेऊन वास घेतला.

“लोखंड तुटलं की दाणा दिसतो,” तो म्हणाला. “साखरंसारखा. ह्याला दाणाच न्हाई.”

तुकडा परत घ्यायला मी हात पुढं केला.

“कानस लागलीय ह्याला. बारीक कानस. वरून पॉलिश कागद.” तुकडा त्यानं बोटांत फिरवला. “जोडायचं असलं तर तुटलेलं घासत्यात, साहेब. हे तर कुनी जोडणार नव्हतं.”

माझ्या टेबलावर कानशी ओळीनं मांडलेल्या होत्या, मोठीपासून बारीकपर्यंत. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

आता सांगतो. अपघाताच्या दिवशी चांदमारीवर सगळे उद्धवला उचलून गाडीकडं पळत होते तेव्हा तो तुकडा गवतातून मीच उचलला. तुटलेली बाजू बघितली. अर्धी बाजू खडीसाखरेसारखी चकचकीत होती, म्हणजे नुकतीच तुटलेली. अर्धी काळी होती, तेलकट, मळकी. ती भेग त्या दिवसाची नव्हती. कित्येक महिन्यांची, कदाचित वर्षांची होती.

आणि मी ती पाहिली होती. आदल्या वर्षीच्या तपासणीत एक्केचाळीसच्या बोल्टवर मला केसाएवढी रेघ दिसली होती. दोन दिवसांवर परेड होती, जादा बोल्ट एकही नव्हता, आणि एकशे बारा बोल्ट रॉकेलमध्ये घालायचा मला कंटाळा आला होता. नुसते डोळ्यांखालून घालत होतो. ‘घडवतानाचा ओरखडा असेल’ असं मनाशी म्हणालो आणि वहीत एक्केचाळीससमोर ‘ठीक’ लिहून सही केली.

चांदमारीवरून परतल्यावर त्याच दुपारी मी वर्कशॉपमध्ये तो तुकडा शिकंज्यात धरला आणि काळी बाजू जाईपर्यंत घासला. तीन-चार मिनिटं लागली असतील. मग अभिप्राय लिहायला बसलो. नळीत काही अडकलं असतं तर नळी फुगायला हवी होती. ती फुगलेली नव्हती. पण नळी बघायला कुणी मागितलीच नाही, आणि आठवड्याभरात ती मोडीत निघाली. चिंधी मी कागदावर जन्माला घातली.

म्हाताऱ्यानं तुकडा माझ्या हातात परत दिला.

“माझं लेकरू झोपेत हात हलवतंय,” तो म्हणाला. “दोरी वढल्यावानी. नळी पुसतंय. ‘पुसली, पुसली’ म्हणतंय. जागं झालं की म्हणतं, आबा, माझंच चुकलं असंल. सगळे म्हणत्यात तर खरंच असंल.” त्यानं पटका उचलला, पण बांधला नाही. “नोकरी गेली तर जाऊ द्या. घरी भाता हाय. तुमच्या साहेबाला काई सांगू नका, कागद बी नको. त्याला तेवढं येऊन सांगा. म्हणावं, लेकरा, तू पुसली हुतीस. माझं ते ऐकत न्हाई. तुमचं ऐकंल.”

“येतो,” मी म्हणालो. “आज दुपारीच येतो.”

तो पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघत म्हणाला, “या.”

दवाखाना मुख्यालयापासून चालत पंधरा मिनिटांवर होता. मी सायकल घेतली नाही. चालत गेलो, म्हणजे वाटेत वाक्य नीट जुळवता येईल. ‘उद्धव, चूक तुझी नव्हती. बोल्टला आधीच भेग होती. ती मी पाहिली होती.’ तीन वाक्यं. बाजारात दोन मोसंबी घेतली, तेव्हाही तोंडातल्या तोंडात तीच घोकत होतो.

उद्धव खिडकीजवळच्या खाटेवर होता. अर्ध्या चेहऱ्याला पट्टी. म्हातारा उशाशी उभा होता. मला बघताच उद्धव धडपडत खाली उतरला आणि टाचा जुळवून सावधानमध्ये उभा राहिला. पायजमा त्याला आखूड होता.

“अरे, बस, बस,” मी म्हणालो.

तो बसला नाही. “हवालदार साहेब, माफ करा,” तो म्हणाला. “माझ्यामुळं तुम्हाला चौकशीला उभं राहावं लागलं. रायफल चांगली होती. मी खराब केली.”

मी तोंड उघडलं. तीन वाक्यं जिभेवर होती. म्हातारा माझ्या ओठांकडं बघत होता.

आणि मग मला जे वाटलं ते आज सांगायचीही लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या पोरानंच माझी माफी मागितली, म्हणजे प्रकरण मिटलं, असं आतून कुणीतरी म्हणालं. माझी मुलगी दहावीला होती. सरकारी खोली होती. भोगले साहेबांचं ‘तुझ्या सहीचा आहे’ कानात होतं.

मी उद्धवच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “होतं असं. नव्या पोरांचं होतं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस.”

मोसंबी खाटेवर ठेवली आणि बाहेर पडलो.

म्हातारा मागोमाग फाटकापर्यंत आला. मला वाटलं, आता हा शिव्या देईल, गचांडी धरेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो फाटकाशी थांबला आणि अगदी सावकाश म्हणाला, “साहेब, दोन दिस म्या तुमचे बोल्ट वाजवून बघितले.” मग वळला आणि आत गेला.

उद्धवला महिन्याभरात सेवेतून कमी केलं. दहा बोल्ट बाद झाले, वेगळ्या कागदावर, पुढच्या तारखेला. नवे आले. त्यानंतर नोकरीतल्या दर वर्षी मी एकेक बोल्ट दोनदा रॉकेलात घातला, दोनदा खडू लावला आणि वर धाग्याला बांधून ठोकला. लोक म्हणायचे, सुरवशांसारखा आर्मोरर नाही. कधी भर दुपारी काम करताना वाटायचं, दारापलीकडच्या पायरीवर कुणीतरी बसलंय आणि ऐकतंय. मान वर करून बघायचो. पायरी रिकामी असायची. पण हातातला बोल्ट बद्द वाजलेला असायचा, निकोप असला तरी.

अकरा वर्षांनी निवृत्त झालो. त्याच महिन्यात मी एका कोऱ्या कागदावर सगळं लिहून काढलं, सही केली आणि एसटीनं केळंबला गेलो.

भाता रस्त्याच्या कडेलाच होता. उद्धव फाळ शेवटत होता, तापवून ठोकून त्याला धार आणत होता. अंगानं भरला होता, कपाळावर राख. उजव्या डोळ्याच्या जागी कातडी मिटलेली. त्यानं मला लगेच ओळखलं. हातातलं टाकून पाया पडला. म्हातारा चार वर्षांपूर्वीच गेला होता, छातीच्या विकारानं. उद्धवच्या बायकोनं सतरंजी टाकली.

मी इकडचं तिकडचं काही बोललो नाही. कागद काढून त्याच्या हातात दिला आणि तोंडानंही सांगितलं. सगळं. रेघ, वहीतली सही, कानस, चिंधी. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

उद्धवनं ऐकून घेतलं. कागद वाचला. मग घडीवर घडी घालून तो माझ्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवला आणि हसला. चांगलं, मनापासून हसला.

“साहेब, तुम्ही लई मोठ्या मनाचे,” तो म्हणाला. “आबा पण मरेपर्यंत हेच म्हणायचे. लेकरा, तू पुसली हुतीस. बापाचं काळीज, त्यांना ते म्हणावंच लागायचं. पण तुम्ही कशाला उतारवयात स्वतःवर ओढून घेता?”

“उद्धव, मी खरं सांगतोय. देवाशपथ. तुझी काही चूक नव्हती.”

“त्या वक्ताला अख्ख्या मुख्यालयातून बघायला तुम्ही एकटे आला,” तो म्हणाला. “शिव्या देण्याच्या जागी म्हणाला, होतं असं नव्या पोरांचं. त्या एका बोलावर मी उठून उभा राहिलो. नाहीतर विहीर जवळच होती, साहेब.”

“अरे, तेच तर खोटं होतं!”

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आजारी माणसाला समजवावं तसा. त्याची बायको चहा घेऊन दारात थांबली होती. तिच्याकडं एकदा बघून त्यानं आवाज खाली आणला.

“मला चांगलं आठवतंय, साहेब. आधी आठवत नव्हतं, नंतर हळूहळू आठवलं. मी दोरी ओढली आणि कापड अर्ध्यातच फाटलं. मला ते दिसलं होतं. आळस केला. ती चिंधी अजून डोळ्यापुढं येते माझ्या. निळ्या काठाची होती.”

आमच्याकडं नळी पुसायला पांढरं फ्लॅनेल मिळायचं, बिनकाठाचं. निळ्या काठाचं कापड त्या शस्त्रागारात कधीच नव्हतं. मी त्याला ते सांगितलं. दोनदा सांगितलं.

“असंल,” तो समजूतदारपणे म्हणाला. “चहा घ्या. गार होईल.”